वरची पट्टी, उच्च स्वर आणि क्रेशेंडो : नादाच्या लहानमोठेपणाच्या संज्ञा व लोकव्यवहार

१

शास्त्रीय परिभाषेतील शब्द नित्याच्या बोलण्यात शिरला की तो भ्रष्ट होतो, असा आक्षेप जाणकारांकडून नेहमी घेतला जातो. संगीताच्या परिभाषेविषयी हा आक्षेप विशेष आग्रहाने मांडला जातो, आणि त्यातही नादाच्या लहानमोठेपणाशी संबंध असलेल्या शब्दांविषयी अधिकच. या आक्षेपात तथ्य किती आणि पूर्वग्रह किती, हे दोन भाषांतील उदाहरणांवरून तपासून पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

संगीतशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकांत नादाचे तीन धर्म सांगितलेले असतात : लहानमोठेपणा, उच्चनीचता आणि जाती. कंपनाचा विस्तार जितका अधिक तितका नाद मोठा. एका सेकंदातील कंपने जितकी अधिक तितका नाद उंच. आणि जातीवरून सारंगीचा षड्ज व बासरीचा षड्ज वेगळा ओळखू येतो. गायकाला हे तिन्ही धर्म स्वतंत्रपणे ताब्यात ठेवावे लागतात. तोच तार षड्ज त्याला मोठ्याने लावता आला पाहिजे आणि अगदी हलकाही लावता आला पाहिजे. या व्यवसायात परिभाषेची गरज निर्माण होते ती मुळात या पृथक्करणासाठी.

आक्षेपकांची दोन आवडती उदाहरणे घेता येतील. इंग्रजीत गोंगाट, टाळ्या किंवा वादविवाद 'क्रेशेंडोला पोहोचला' असे लिहिण्याची प्रथा आहे. क्रेशेंडो म्हणजे नाद क्रमाक्रमाने वाढत जाण्याची क्रिया. क्रियेला पोहोचता येत नाही, क्रियेच्या शेवटाला पोहोचता येते. मराठीत रागावलेला माणूस 'वरच्या पट्टीत बोलतो'. पट्टी ही स्वराची उंची दाखविणारी संज्ञा आहे आणि सांगावयाचे असते ते आवाजाच्या मोठेपणाविषयी. पहिल्या उदाहरणात क्रियेचा शब्द बिंदूसाठी वापरला गेला. दुसऱ्यात उच्चनीचतेचा शब्द लहानमोठेपणासाठी वापरला गेला. दोन्ही चुका आहेत असे संगीतज्ञ म्हणतो. परंतु ज्यांना सरसकट चुका म्हटले जाते त्या दोन स्थलांतरांचे स्वरूप सारखे नाही आणि त्यांचा निवाडाही सारखा करता येणार नाही.

२

पाश्चात्त्य संगीतात लहानमोठेपणाच्या संज्ञा इटालियन आहेत. जोव्हान्नी गाब्रिएली याने १५९७ मध्ये व्हेनिस येथे प्रसिद्ध केलेल्या संग्रहातील एका रचनेच्या नावातच पियानो व फोर्ते हे दोन शब्द आहेत. लिखित संगीतात या सूचना देण्याच्या आरंभीच्या उदाहरणांत तिची गणना होते. पुढे या जोडीचे पोटभेद झाले आणि संगीतकार लहानमोठेपणाच्या पायऱ्या कागदावर मांडू लागला. चायकोव्हस्कीच्या १८९३ च्या सहाव्या सिंफनीत अतिहलक्या स्वरासाठी 'प' हे अक्षर एकापुढे एक सहा वेळा लिहिलेले आढळते.

या संज्ञा आकाशातून पडलेल्या नव्हत्या. इटालियन व्यवहारात पियानो हा शब्द 'हळू' या अर्थाने आजही चालतो, आणि तो बोलण्याला लावला तर 'लहान आवाजात' व चालण्याला लावला तर 'सावकाश' असा अर्थ देतो. फोर्ते म्हणजे बळकट; पण बोलण्याच्या संदर्भात तो 'मोठ्याने' आणि जाण्याच्या संदर्भात 'वेगाने' असे सांगतो. लोकव्यवहारातील हे शब्द वेग आणि नाद यांत भेद करीत नाहीत. संगीताने त्यांतील नादाचा अर्थ तेवढा उचलला आणि वेगासाठी आदाज्यो, प्रेस्तो असे वेगळे शब्द मुक्रर केले. म्हणजे परिभाषा हीच मुळात लोकभाषेच्या शब्दाचा संकोच करून बनली आहे. नंतर तोच शब्द लोकव्यवहारात पुन्हा पसरला तर त्याला भ्रष्टता म्हणणे इतिहासाच्या दृष्टीने उलटे ठरते.

मराठी वाचकाला हे पटविण्यासाठी इटलीला जाण्याचीही आवश्यकता नाही. 'हळू बोल' आणि 'हळू चाल', 'जोरात ओरड' आणि 'जोरात पळ' या जोड्या प्रत्येक घरात ऐकू येतात. संस्कृतातील शनैः या शब्दाची कक्षाही अशीच आहे. बळ अधिक की कमी एवढाच मूळ भेद भाषेने केलेला असतो. ते बळ नादात उतरले की वेगात, हे शेजारचे क्रियापद ठरविते.

क्रेशेंडोची गोष्ट मात्र निराळी आहे. 'वाढणे' या क्रियापदाचे हे वर्तमानकालवाचक धातुसाधित. मराठीत शब्दशः 'वाढत' किंवा 'वाढत वाढत'. अठराव्या शतकाच्या मध्यात मानहाइम येथील दरबारी वाद्यवृंद क्रमशः वाढणाऱ्या नादासाठी युरोपभर प्रसिद्ध झाला. पुढे रोसिनीच्या ऑपेरांतून हा प्रकार श्रोत्यांच्या कानांत पक्का बसला, आणि राव्हेलने १९२८ मध्ये तर 'बोलेरो' ही सबंध रचनाच एका दीर्घ क्रेशेंडोवर उभी केली. इटालियन माणसाला शब्दातील 'वाढत' हा अंश ऐकू येतो, कारण ते त्याचे रोजचे क्रियापद आहे. इंग्रजी भाषकाला तो ऐकू येत नाही. त्याच्या दृष्टीने हे एक परकीय नाम. नामापुढे 'पोहोचणे' हे क्रियापद आले की नाम आपोआप ठिकाण बनते. एफ. स्कॉट फिट्झजेरल्ड याच्या 'द ग्रेट गॅट्सबी' या १९२५ च्या कादंबरीत मेजवानीनंतर अडकून पडलेल्या मोटारींच्या भोंग्यांविषयी हाच प्रयोग आढळतो. तेव्हा हा प्रयोग अर्धशिक्षितांचा आहे असे म्हणण्याची सोय नाही.

तरीही येथे आक्षेपकाची बाजू काही अंशी ग्राह्य आहे. शिखर दाखविण्यासाठी इंग्रजीत शब्दांची वाण नव्हती. 'क्रमशः वाढत जाणारा नाद' एवढा अर्थ एका शब्दात सांगणारा शब्द मात्र हा एकच. तो शिखरासाठी खर्ची पडला की भाषेत पोकळी निर्माण होते. रस्त्यावरील भोंग्यांच्या वर्णनात ती जाणवत नाही. संगीतसमीक्षकाने तोच प्रयोग मैफलीच्या परीक्षणात केला, तर वादकाने नाद वाढवीत नेला की एकदम मोठा केला, हे वाचकाला कळण्याचा मार्ग बंद होतो. म्हणून या प्रयोगाचा दोष स्थळावर अवलंबून आहे. जेथे मूळ भेद आवश्यक आहे तेथे तो दोष, एरवी नव्हे.

३

मराठीकडे वळल्यावर पहिली लक्षात येणारी गोष्ट अशी की, हिंदुस्थानी संगीताच्या परिभाषेत लहानमोठेपणाच्या पायऱ्यांना स्थिर नावे जवळजवळ नाहीत. पंडित विष्णु नारायण भातखंडे आणि पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर या दोघांनीही स्वरलेखनपद्धती घडविल्या. सप्तक, कोमल-तीव्र, मात्रा, मींड, कण या सर्वांना त्यांत चिन्हे आहेत. स्वर किती मोठ्याने लावावा याला नाही. याचा अर्थ गायक लहानमोठेपणा पाळीत नाही असा नव्हे. आवाज कोठे भरावा आणि कोठे चोरावा हे गुरुमुखातूनच शिकावयाचे असते, म्हणून ते लिहिण्याची गरज पडली नाही.

परिणामी नित्याच्या मराठीला नादाच्या मोठेपणासाठी संगीताकडून शब्द हवा असेल तेव्हा उच्चनीचतेचेच शब्द हाती येतात. 'तारस्वराने ओरडणे', 'आवाज टिपेला पोहोचणे', 'सूर चढणे', 'वरच्या पट्टीत बोलणे' हे सर्व प्रयोग उंचीचे आहेत. यांतील पट्टी हा शब्द विशेष बोलका आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपातून आलेल्या पेटीच्या पट्ट्यांवरून गायक आपला षड्ज सांगू लागला : काळी एक, पांढरी चार, काळी पाच. या वाद्यात नादाचे दोन धर्म दोन हातांत वाटून दिलेले आहेत. एक हात पट्टी दाबतो आणि स्वराची उंची ठरवितो. दुसरा भाता चालवितो आणि नादाचा मोठेपणा ठरवितो. लोकभाषेने शब्द घेतला तो पट्टीकडून. मोठेपणा ज्या भात्यातून येतो त्याच्याकडे तिने पाहिलेही नाही. संगीतज्ञाच्या आक्षेपाला याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

परंतु हा प्रयोग कोठे होतो आणि कोठे होत नाही हे पाहिले म्हणजे आक्षेप ढिला पडतो. रेडिओचा आवाज कोणी 'चढवीत' नाही. तो 'वाढवितात' किंवा 'मोठा करतात'. मेघगर्जना कितीही प्रचंड असली तरी ती 'वरच्या पट्टीत' झाली असे कोणी म्हणत नाही. गिरणीचा भोंगा मोठा असतो, तारस्वराने ओरडत नाही. ओरडला असे कोणी लिहिलेच तर त्याला माणूस कल्पून लिहितो. 'आवाज चढविणे' आणि 'आवाज वाढविणे' या दोन प्रयोगांत मराठी भाषक कधी घोटाळा करीत नाही. बहिऱ्या आजोबांशी बोलताना नातू आवाज वाढवितो. त्याने आवाज चढविला असे आईने म्हटले तर ती त्याला उद्धटपणाबद्दल बोल लावीत आहे असे समजावे.

यावरून नियम असा दिसतो : नुसत्या मोठेपणासाठी मराठीत 'मोठा-लहान', 'वाढविणे-कमी करणे' हे शब्द आहेत आणि ते कोणत्याही आवाजाला लागतात. उंचीचे शब्द लागतात ते मनुष्याच्या आवाजाला, आणि त्यातही जेव्हा त्या मोठेपणामागे राग, आग्रह किंवा आवेश असतो तेव्हा. म्हणजे 'वरची पट्टी' ही मोठेपणाची चुकीची संज्ञा नव्हे. बळ, उंची व भाव या तिघांच्या एकत्र अवस्थेला लोकभाषेने दिलेले ते नाव आहे, आणि या अवस्थेसाठी दुसरा शब्द संगीतशास्त्रातही नाही.

४

ही तिघांची एकत्र अवस्था कल्पनेतील नाही. फुप्फुसांतून येणाऱ्या हवेचा दाब वाढला की बोलणाऱ्याचा आवाज मोठा होतो, आणि मुद्दाम आवरले नाही तर स्वरतंतूंचे कंपनही जलद होऊन तो उंचही होतो. गोंगाटात माणूस नकळत आवाज मोठा करतो, ही गोष्ट फ्रेंच वैद्य एत्येन लोंबार याने १९११ मध्ये मांडली; त्या वाढीबरोबर आवाजाची उंचीही वाढते असे पुढील अभ्यासांत दिसून आले आहे. ऐकणाऱ्याच्या बाजूनेही हे दोन धर्म पुरते वेगळे राहत नाहीत. फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखविल्याप्रमाणे सारख्याच शक्तीचे दोन नाद कानाला सारखे मोठे वाटत नाहीत. खर्जातील नाद लहान वाटतो, वरचा मोठा वाटतो. गायक वर्षानुवर्षे साधना करून जे वेगळे करतो ते बोलणाऱ्याच्या घशात आणि ऐकणाऱ्याच्या कानात स्वभावतः जोडलेले असते.

प्राचीन भारतीय शास्त्रकारांना या जोडाची पूर्ण जाणीव होती. तैत्तिरीय प्रातिशाख्यात वाणीची सात स्थाने दिली आहेत : उपांशु, ध्वान, निमद, उपब्दिमत्, मंद्र, मध्यम आणि तार. पहिल्यात ओठ-जीभ हलतात पण नाद ऐकू येत नाही. पुढे तो हळूहळू श्रुतिगोचर होतो. शेवटची तीन स्थाने छाती, कंठ व शिर यांची. ही शिडी लहानमोठेपणाने सुरू होते आणि उच्चनीचतेत संपते. तोच प्रकार भरताच्या नाट्यशास्त्रात. पाठ्याचे सहा अलंकार सांगताना उच्च, दीप्त, मंद्र, नीच यांच्याच पंक्तीला द्रुत आणि विलंबित बसविले आहेत. उच्चाचा एक विनियोग दूरच्या माणसाशी बोलण्यात, दीप्ताचा कलहात व क्रोधात. नटाच्या मुखातून निघणारी वाणी भरताला एकसंध हवी होती. तिची फोड त्याने उंची, मोठेपणा व वेग अशा तीन कप्प्यांत केली नाही.

मात्र जेथे फोड करणे भाग होते तेथे शास्त्रकारांनी ती टाळलीही नाही. पाणिनीने उदात्त व अनुदात्त यांची लक्षणे उच्चैः आणि नीचैः या दोन साध्या शब्दांनी केली (१.२.२९-३०). त्यावर भाष्य करताना इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात पतंजलीने नेमका प्रस्तुत प्रश्न उपस्थित केला आहे. पाठ म्हणणाऱ्या एकाच विद्यार्थ्याला एक जण मोठ्याने ओरडू नकोस असे दटावतो आणि दुसरा दातांतल्या दातांत पुटपुटू नकोस, आवाज वाढव असे सांगतो. मग उच्च म्हणजे काय? लोकव्यवहारात या शब्दाचा अर्थ ऐकणाऱ्यावर अवलंबून आहे आणि बोलणाऱ्याच्या ताकदीवरही. अशक्त माणसाची कमाल ही दणकट माणसाची सुरुवात असू शकते. पतंजलीने लोकांना शब्द नीट वापरण्याचा उपदेश केला नाही. शास्त्रापुरते त्याने लक्षण बांधून घेतले : गात्रांचा ताण, स्वराचा रूक्षपणा व कंठविवराचा संकोच या उच्चारणाच्या खुणा सांगितल्या, आणि उच्चनीचता एकाच स्थानाच्या आत मोजावी असे ठरविले. लोकांचा शब्द लोकांकडे राहिला. शास्त्राने आपल्या गरजेची मर्यादा स्वतः घालून घेतली. परिभाषा आणि लोकभाषा यांच्या संबंधाचा याहून समंजस नमुना दाखविणे कठीण आहे.

५

आधुनिक मराठीत ही समंजसता जेथे सुटली ते स्थळ लोकव्यवहार नसून शास्त्रीय लेखनच आहे. विज्ञानाच्या मराठी पुस्तकांत कंपनसंख्येवर अवलंबून असलेल्या धर्माला 'उच्चनीचता' आणि नादाच्या शक्तीशी संबंध असलेल्या धर्माला 'तीव्रता' म्हटले जाते. शाळेत येणाऱ्या मुलाजवळ हे दोन्ही शब्द आधीच असतात. 'उच्चरवाने सांगणे', 'उच्च स्वरात घोषणा देणे' हे प्रयोग त्याने ऐकलेले असतात आणि त्यांत उच्च म्हणजे मोठा. तेच मूल संध्याकाळी पेटी शिकत असेल, तर तीव्र मध्यम हा शुद्ध मध्यमापेक्षा उंच असतो, मोठा नव्हे, हे त्याला ठाऊक असते. म्हणजे त्याच्या जवळचा उच्च लहानमोठेपणाचा आणि तीव्र उच्चनीचतेचा. पुस्तकातील उच्च उच्चनीचतेचा आणि तीव्र शक्तीचा. दोन शब्दांची जागांची अदलाबदल झालेली आहे आणि पुस्तक त्याची सूचना देत नाही. परीक्षेत हे दोन धर्म उलटसुलट लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला मठ्ठ म्हणण्यापूर्वी त्याने दोन्ही शब्द आपल्या मातृभाषेच्या नियमाप्रमाणेच वापरले, हे ध्यानात घेतले पाहिजे.

संगीताच्या पुस्तकांतील 'नादाचा लहानमोठेपणा' ही संज्ञा या बाबतीत सरस आहे. ती लांबट आहे, परंतु रेडिओचा आवाज ज्या शब्दाने मोठा होतो त्याच शब्दावर ती उभी आहे. म्हणून ती पाठ करावी लागत नाही. संस्कृत शब्द अधिक काटेकोर असतो ही समजूत येथे उपयोगी पडत नाही. उच्च हा शब्द काटेकोर नव्हता म्हणून तर पतंजलीला तो बांधून घ्यावा लागला.

दुसरे स्थळ कायद्याचे. केंद्र सरकारच्या २००० च्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे आणि रात्री १० ते सकाळी ६ ही वेळ रात्र धरली आहे. तेव्हापासून सणावारांच्या निमित्ताने डेसिबल हा शब्द महाराष्ट्रात घरोघर पोहोचला. व्यवहारात तो किलो-मीटरसारखा सरळ मोजमापाचा शब्द म्हणून चालतो : पंचावन्नाच्या जागी पासष्ट झाले, म्हणजे थोडेसे वाढले. वास्तविक दहा डेसिबलच्या वाढीत नादाची तीव्रता दसपट होते आणि कानाला तो साधारणतः दुप्पट मोठा वाटतो. येथे लोकव्यवहाराला परिभाषेची शिस्त हवीच, कारण या आकड्यावर कोणाची तरी झोप अवलंबून असते.

परंतु शिस्त एकाच बाजूने असून भागत नाही. नियमांतील डेसिबल हा 'ए' भारांकनाचा आहे. म्हणजे मापनयंत्र कानाचे अनुकरण करून खर्जातील नादाला कमी वजन देते. हे भारांकन हलक्या नादांच्या बाबतीत कानाच्या वर्तनाशी जुळते. नाद फार मोठा झाला की कानाचा खर्जाकडील बहिरेपणा कमी होतो, यंत्राचा होत नाही. मिरवणुकीतील ध्वनिवर्धकांच्या भिंतीतून निघणारा खर्जाचा ठोका यंत्रावर त्यामुळे पुरता उमटत नाही, पण खिडक्यांच्या काचा हादरतात. रहिवासी 'आवाज फार मोठा आहे' असे न म्हणता 'आवाज छातीत बसतो' असे म्हणतो. त्याचा हा प्रयोग अडाणीपणाचा मानून आकड्यावर बोट ठेवणे सोपे आहे. परंतु आकड्यातून जे निसटले तेच त्याच्या वाक्याने नोंदविले आहे. मंद्राचे स्थान छाती, असे प्रातिशाख्यकारही सांगत होते.

६

या चर्चेतून शब्दकोशकार व परिभाषाकार यांच्यासाठी तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, लहानमोठेपणाच्या शब्दाची नोंद करताना तो नुसत्या मोठेपणाचा आहे की उंची व भाव यांसह मोठेपणाचा, हे सांगावे. 'चढविणे' आणि 'वाढविणे' यांना एकमेकांचे पर्याय म्हणून देणारी नोंद अपुरी आहे. दुसरी, शब्द क्रियेचा आहे की बिंदूचा हे सांगावे. इंग्रजी मजकुरातील क्रेशेंडो मराठीत आणताना भोंग्यांच्या गोंगाटासाठी 'टिपेला पोहोचला' हे योग्य, कारण टीप ही बिंदूच आहे. वाद्यवृंदासाठी मात्र 'नाद वाढवीत नेला' असेच म्हटले पाहिजे. तिसरी, लोकव्यवहारातील शब्द शास्त्रासाठी उचलताना त्याचा चालू अर्थ प्रथम नोंदवावा आणि मग तो बांधून घ्यावा.

लोकव्यवहाराला दोष देण्याची घाई यामुळे बरीच कमी होईल. दिवाणखान्यात दोघे भाऊ वाटणीवरून बोलू लागले आणि आतल्या खोलीतून वडिलांनी 'पट्टी खाली आणा' असे सांगितले, तर ते पेटीच्या पट्ट्यांविषयी किंवा डेसिबलविषयी बोलत नाहीत. नादाचे धर्म किती आणि कोणते हे त्या घरात कोणाला माहीत असो वा नसो, दोघेही भाऊ एकाच क्षणी आवाज उतरवितात, लहान करतात आणि शब्दही बदलतात. तिन्ही गोष्टी एका शब्दाने घडून येतात, आणि तो शब्द संगीताने दिलेला आहे.